शालिकराम कोष्ट्याचे लांब वाफे

शालिकराम कोष्ट्याला मागाच्या खड्ड्यात सोन्याचा हंडा सापडला, अशी बोलवा त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात गोळीबार चौकापलीकडच्या आमच्या गल्लीत उठली होती. शेजारच्या यमुताईंनी तर हंड्याचं झाकणही पाहिलं होतं. "एवढं होतं वं!" म्हणून त्या हात पसरायच्या, आणि झाकण दर दिवसाला वाढायचं. दुसरा हंडा भैय्याजींच्या पडीक प्लॉटात पुरलेला आहे, म्हणूनच तो तिथं रोज कुदळ मारतो, हेही लोकांनी ठरवून टाकलं.

तसं काही नव्हतं. मागावर बसताना पाय सोडायला जमिनीत खड्डा असतो. माग बंद पडल्यावर शालिकरामनं तो बुजवायला घेतला, तेव्हा त्यात एक फुटका धोटा आणि बिनदातांची फणी निघाली. प्लॉटात तो खणत होता ते वांगी लावायला.

पन्नाशी उलटलेला माणूस. सकाळी कापसाच्या गोदामावर पहारा, दुपारनंतर मोकळा. माग चालायचा तेव्हा खटखट ऐकून कोणीही दारात टेकायचं, तंबाखू मागायचं, घरची भांडणं सांगायचं. माग थांबला आणि दारात उभं राहायला कोणाजवळ कारण उरलं नाही. शालिकराम याबद्दल तक्रार करत नसे. तंबाखू गालात सरकवून, आधी घसा खाकरून एवढंच म्हणायचा, "हॅं... माणसं पायजे गा. भाजी का, बजारातबी भेटते."

प्लॉट भैय्याजींचा. ते धरमपेठेतून स्कूटरवर आले आणि उतरायच्या आधीच बोलायला लागले. "देखो शालिकराम, मला इथं लाकडं विकायचा टाल टाकायचा आहे. पण माझ्या गेलेल्या आईच्या नावानं चार माणसं इथं बसत-उठत असतील तर राहू दे. दिवाळीपर्यंत थांबतो. मात्र मला माणसं दिसली पाहिजेत, नुसती वांगी नाहीत!"

प्लॉटाच्या एका अंगाला कोष्ट्यांची गल्ली, दुसऱ्या अंगाला छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांची वस्ती. दोन्हीकडच्यांनी यावं म्हणून शालिकरामनं कुंपण घातलंच नाही. वस्तीत स्वतः जाऊन अर्धे वाफे त्यांना दिले. गल्लीच्या बाजूला एक बाक टाकलं, वस्तीच्या बाजूला एक. वाफ्यांची रुंदी ठेवली लुगड्याच्या पन्ह्याएवढी, म्हणजे काठावर बसून हात मध्यापर्यंत पोचतो. धोटा फेकणाऱ्या हाताला हे माप कोणी शिकवावं लागत नाही.

लांबीत मात्र घोळ झाला. कोष्टी लोक सकाळी गल्लीत ताणा पसरतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उभं सूत. तो पसरला की गल्ली अडते, आणि त्याच्यावरून पाय टाकायची कोणाची छाती होत नाही. टाकला तर पाठीत धपाटा. शालिकरामनं वाफेही तसेच ओढले. उरलेल्या दोन अंगांना शेजारच्या घरांच्या भिंती होत्या, त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग, मध्ये फट म्हणून नाही. पलीकडं जायचं तर प्लॉटाबाहेरून पूर्ण वळसा. कोष्टी सवयीनं वळसा घ्यायचे. वस्तीतले लोक तर त्याहून जुन्या सवयीनं आपल्याच बाजूला थांबायचे. श्रावण गेला, गणपती गेले. वांग्याची झाडं मोठी झाली. दोन बाकांवर दोन घोळके, एकमेकांकडं पाठ करून.

मग मेथीत पावलं उमटायला लागली. रोज, नेमकी मधोमध. शालिकरामनं तिथं बाभळीच्या काट्या रोवल्या. दुसऱ्या सकाळी काट्या बाजूला पडलेल्या, आणि वस्तीतली रुख्माबाई डोक्यावर घागर घेऊन मेथीतून सरळ चाललेली. नळ गल्लीच्या तोंडाशी होता.

"रुख्माबाई, पाय कुठं देऊन राहिली वं?"

"वाटेवर."

"वाट नोहे ते. मेथी हाय!"

रुख्माबाईनं घागर खाली ठेवली. घागर खाली ठेवली म्हणजे लवकर संपणार नाही, हे साऱ्यांना ठाऊक होतं. बाकावरची माणसं वळून बसली.

"काहून गा शालिकरामभाऊ, तू कोष्टी ना? माया बापानंबी माग चालवला, जाडंभरडं विणलं. पण नुसता ताणा ताणून लुगडं विणणारा मी पहिल्यांदा पाहून राहिली. आडवा बाणा कुठं हाय तुया?"

गल्लीच्या बाकावर कोणी तरी फिस्सकन हसलं. शालिकरामनं तंबाखू थुंकली. वाफ्यांकडं बराच वेळ पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती घागर उचलून गेली तरी तो पाहतच होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पावलांच्या रेघेवरची कोवळी मेथी स्वतः उपटली. मग पुढच्या वाफ्यातली वांगी, फुलावर आलेली. सगळे वाफे आडवे कापून दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट काढली, आणि काठावरची दोन्ही बाकं उचलून मधोमध समोरासमोर टाकली. यमुताई म्हणाल्या, "याचं डोकं फिरलं." बघायला म्हणून त्या आल्या आणि उन्हात उभं राहून पाय दुखले म्हणून बाकावर बसल्या. समोर रुख्माबाई घागर टेकून बसलेली होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी भैय्याजी आले, तेव्हा भरताला वांगं कपाशीच्या वाळक्या काट्यांवर भाजावं की गोवऱ्यांवर, यावरून दोघींची जुंपली होती. दोन्ही बाकांवर दोन्हीकडची माणसं दाटीनं बसून आपापली बाजू लढवत होती. भैय्याजी उभेच. कोणी सरकलं नाही.

"उभे काहून गा?" रुख्माबाई म्हणाली. "तुमच्याकडं कशावर भाजतात, ते सांगा."

"स्टोव्हवर," भैय्याजी म्हणाले.

दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. टालाचा विषय निघालाच नाही. जाताना ते शालिकरामला म्हणाले, "आईच्या नावाची पाटी लाव. छोटी."

मेथी उपटली त्या सकाळी मी शालिकरामशी पैज लावली होती, की भैय्याजी येतील तेव्हा एका बाकावर दोन्हीकडची मिळून पाच माणसं दिसणार नाहीत. दिसली तर होळीपर्यंत वाफ्यांना पाणी मी घालणार. त्या रविवारी मी स्वतः मोजली. एका बाकावर सात होती, आठवं अर्धं बाहेर.

शालिकरामनं घसा खाकरला. "हॅं... बादल्या दोन हायेत. लहानी घेऊ नको."