मेथीचे दहा दाणे

मुलांनो, नाशिकच्या आमच्या गल्लीत हातगाडीवर रोपं आणि कुंड्यांची माती विकणारा एकजण येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो सारखा बोटांनी मातीची ढेकळं चुरत असतो.

यंदा त्याच्या मातीत माझे टोमॅटो जळाले. "तुमच्या मातीत विष आहे!" मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. बायकांनी घेतलेल्या मातीच्या पिशव्या परत ठेवल्या.

तो चिडला नाही. त्याने एका कपात आपली माती भरली, दुसऱ्यात माझ्या तुळशीच्या कुंडीतली. "आजी, दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे टाका. पाणी सारखं, ऊन सारखं."

मी डब्यातली मेथी टाकली. पाचव्या दिवशी त्याच्या कपात एकही कोंब नव्हता. "बघा!" मी म्हणाले.

"तुळशीच्या कपात तरी कुठं हाय? चांगली माती पास झाल्याबिगर दुसरीला नापास करायचं नाय." त्याने डब्यातला दाणा चावला आणि हसतच सुटला. "आजी, ही तर भाजलेली हाय!"

लोणच्यासाठी मीच भाजली होती.

मग कच्ची मेथी पेरली. तुळशीच्या मातीत नऊ दाणे उगवले, त्याच्या मातीत दोनच. आता हा वाद घालणार, असं मला वाटलं. "आता खरी नापास झाली," एवढंच म्हणून त्याने सगळी पोती परत नेली.

हल्ली त्याच्या गाडीवर कायम दोन कप असतात. नव्या मातीत मेथी उगवल्याशिवाय तो ती विकत नाही. बायका पुन्हा पिशव्या नेतात, मीही नेते. दाणे मात्र तो माझ्याकडून घेत नाही.