देवीचं फूल अकोल्याला गेलं

त्या वर्षी मी अंबादेवीवर रुसले होते. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा खरंच रुसले होते. माझी एकुलती एक लेक कौतिका अकोल्याला दिलेली. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला, आणि तिला माहेरी आणायला अख्ख्या अमरावतीत एक बैलजोडी मोकळी नव्हती. कुठे सातासमुद्रापार लढाई जुंपली म्हणे, आणि विलायतेला आमचा कापूस हवा झाला. ज्याच्या दारात गाडी होती त्याने ती कापसाला लावली. माझं घर रस्त्याला लागूनच. दिवसभर गाड्याच गाड्या जायच्या, सगळ्या अकोल्यावरून खामगावच्या बाजाराला. माझी पोर त्याच रस्त्यावर राहत होती, आणि मी दारात उभी राहून धूळ खात होते.

मी विधवा बाई. शेत, बैल, सगळं दिराच्या हाती. माणूस वाईट नव्हता हो, पण कापसाने त्याचं डोकं फिरवलं होतं. हंगाम सरू द्या वहिनी, मग आणतो, हेच त्याचं पालुपद. बाळंतपण काय हंगामासाठी थांबतं? वर माझ्या परसातल्या गुलाबावर त्याचा डोळा. तिथे सरकी टोचू म्हणायचा, आणि तुमचा गुलाब इंग्रज घेणार आहे का, असं हसत विचारायचा. मी त्याला त्या वाफ्याजवळ फिरकू देत नसे.

तो लाल गुलाब कौतिकाने लग्नाआधी लावला होता. आमची काळी माती गुलाबाला मानवत नाही. पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. पोरीने पडक्या भिंतीचा चुरा आणि राख मिसळून वाफा उंच केला, तेव्हा कुठे फांदीने जीव धरला. ती सासरी गेल्यावर मीच त्याला सांभाळलं. दसऱ्यानंतर छाटायचा, शेणखत घालायचं, पाणी बेताने द्यायचं. मला काही फूल माळायचं नव्हतं, म्हणून दरवर्षी पहिलं फूल देवीला. त्या वर्षी मात्र मी देवीशी सौदाच केला. पहिलं फूल तुला, लेक मला. झालं काय, तर गाड्यांच्या बैलांनी कुंपणातून तोंड घालून सगळे शेंडे खाल्ले. एकच कळी वाचली. तिच्याकडे बघत मी दिवस काढत होते.

दुसरा राग विहिणीवर. तिचा निरोप आला होता की न्यायला मुराळी आला तरच सून पाठवू, रीत म्हणजे रीत. मुराळी म्हणजे माहेरचं माणूस, आणि माझ्याकडे माणूस होतं कुठे? त्या बाईला मी रोज सकाळी चूल पेटवताना शिव्या घालत असे.

एके सकाळी फूल उमललं. आंघोळ करून, फूल ताटलीत घेऊन मी देवळाला निघाले, तर विहिरीवर एक गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. पिकल्या दाढीचा, अकोल्याकडचा मुसलमान. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला मी तेच विचारायचे, सवयीने त्यालाही विचारलं. बाकीचे मान हलवून निघून जायचे. हा थांबला. कोणती पेठ, कोणाचं घर, पोरीचे दिवस किती, सगळं त्याने नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "जाताना निरोप देतो, येताना गाडी खालीच रायते, माल नसते, घेऊन येतो. पन बाई, माया गाडीत सून कोन बसवन? वळख पटन असं काही द्या."

माझ्या अंगावर एक दागिना उरला नव्हता. लुगडं दिलं तर ते कुणाचंही असू शकतं. हातात फक्त ते फूल होतं. त्याचा वास कौतिका झोपेतही ओळखेल हे मला ठाऊक होतं. पण ते देवीचं होतं ना! शेवटी डोळे मिटले आणि फूल त्याच्यापुढे केलं. त्याने गाडीतला मूठभर कापूस उपसला, फूल त्यात अलगद गुंडाळलं आणि डोक्याच्या फेट्यात ठेवलं.

गाडी दिसेनाशी झाली आणि मला धडकी भरली. शेजारणीने तर ऐकवलंच की देवीचं फूल गाडीवानाला दिलं, आता भोग. कित्येक दिवस मला देवळात जायचं तोंड नव्हतं. मग एका संध्याकाळी रिकाम्या हातांनी गेले. काही मागायला सुचेना. द्यायला काही नव्हतंच. आई, तू जे करशील ते, एवढंच म्हणाले आणि खांबाला टेकून बसून राहिले. मन भरून रडले. घरी येताना फार हलकं वाटलं, का ते कळलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, तीच गाडी दारात थांबली. वर गोणपाटाचं छत. आधी कौतिका उतरली, पोट सावरत. मी धावले तर तिच्यामागून विहीण उतरली. मला वाटलं, भांडायला आली.

ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि खाली बघत म्हणाली, "मायी माय मी लहान असतानीच गेली. मले माहेराहून कदी कोनी साधं फूलबी नाई धाडलं. सुकलेलं फूल पोरीनं माया हातात देल्लं अन् मले रडू कोसळलं. मंग म्या म्हटलं, मीच पोचवून देतो."

जिला रोज शिव्या घातल्या ती माझ्या ओट्यावर लहान पोरीसारखी बसली होती. गाडीवानाला मी जेवायला वाढलं, तोवर त्याचे बैल सावलीला बसले.

कौतिका सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. विहीण तोवर राहिली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला पाटावर बसवून डोक्याला तेल लावत होते. ती डोळे मिटून बसली होती. हात काढणार तोच हळूच म्हणाली, "अजून जरासं चोळा ना."

हल्ली देवीपुढे हात जोडते तेव्हा मी कुणाचं नाव घेत नाही. कुणाला माहेरी आणायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.