शेजारचं पिठलं

“बोट हालली त पिठलं सांडन ना बापा! सरळ चालव!”

गोदाबाई माझ्यावर ओरडत होत्या. मांडीवर पिठल्याचा गंज, म्हणजे पातेलं, त्यावर पदर. जागा अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णेकाठची फुलवाल्यांची गल्ली. वेळ दुपारची. मी हवालदार, इंजिनिअर कंपनी, बोट नंबर दोन. गाव तिवसा, इकडचंच वऱ्हाडातलं, म्हणून कॅप्टन साहेबांनी लोकांशी बोलणं माझ्या गळ्यात घातलेलं. मोर्णा एवढी फुगली होती, की पातूरच्या म्हशी वाहत येऊन अकोल्यात दूध देऊन गेल्या. पटत नसेल तर निम्म्या धरा.

हुकूम साधा होता. वर धरणाचे दरवाजे उघडलेत. देवरावच्या गच्चीवरची माणसं काढा.

देवराव झेंडू विकायचा. आदल्या दिवशी त्यानं म्हाताऱ्यांसाठी गल्लीत दोर बांधला. सगळे पार झाले आणि भिंत त्याच्या अंगावर आली. पाणी उतरलं तेवढ्यात लोकांनी त्याला मसणात पोचवलं. सकाळी पाणी पुन्हा चढलं. त्याची बायको सुमनबाई तेव्हापासून उपाशी.

“तिनं दोन घास खाल्ल्याबिगर आमी हालत नाही,” गच्चीनं ठराव केला.

मी बिस्किटाचा पुडा काढला.

“सुतकात बिस्कुट?” गोदाबाई कडाडल्या. “तुह्या घरी कोणी मेलं नाही काय रे?”

“मावशी, पाणी चढून राहिलं!”

“चढू दे. पाण्याले सुतक नाही, आमाले हाय.”

सुतकाच्या घरची चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी रांधून आणायचं. कबूल. पण शेजाऱ्यांच्या चुली मोर्णेच्या तळाला! कोरडी शेगडी एकच, सुमनबाईच्या माडीवर. मग बायांनी अक्कल लढवली. शेगडी तिची, बेसन तिचं, रांधणार गोदाबाई. गंज गोदाबाईच्या दारापर्यंत नेऊन परत आणायचा, की झालं शेजारचं. नेणार कोण? भारतीय सेना.

वायरलेस खरखरला. “बोट टू, देरी क्यों? ओव्हर.”

“सर, पिठला. ओव्हर.”

“से अगेन?”

“पिठला, सर.”

सियाचीनला माझ्या मिशीवर हातभर बर्फ लटकायचा. तिथंही मी एवढा वैतागलो नव्हतो.

गोदाबाईच्या दाराची फक्त वरची चौकट पाण्याबाहेर होती. तिला त्यांनी गंज टेकवला. “चाल आता.”

परत आलो. सुमनबाईंनी गंज पाहिला. त्यांच्याच घरचा. दोन घास खाल्ले. मग अख्खी गच्ची मुकाट्यानं बोटीत उतरू लागली. शेवटची फेरी निघाली तेव्हा पाणी माडीच्या खिडकीतून आत शिरत होतं.

संध्याकाळी शाळेतल्या छावणीत सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेलो.

“ताई, पिठलं गेलं ना घशाखाली?”

“मीठ कमी होतं,” त्या म्हणाल्या. “त्यायले चाललं नसतं.”