घरट्यातले लुगड्याचे धागे

सातव्या महिन्यात लेक माहेरी आली ती एका हातात दवाखान्याची फाईल आणि दुसऱ्या हातात पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात फिंचची जोडी होती, चिमणीहूनही लहान, लाल चोचीची. मी लेकीच्या पोटाकडे पाहायच्या आधी त्या पाखरांकडे पाहिलं. एवढेसे जीव, आणि नेमके आत्ता आपल्या घरात. यांतला एखादा मेला तर?

पुढचं मी मनातही म्हटलं नाही. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं. नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी बसून असायची, म्हणून जावयांनी ही जोडी आणून दिली. आता ती त्यांना सोडून यायला तयार नव्हती. "मंग काय, पाखरांचंबी बाळंतपण आपल्याचकडं," असं आमचे हे म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, पण पिंजरा कुठे टांगला म्हणजे मांजर पोचणार नाही, याचा विचार तोवर सुरू झाला होता.

आमच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून नवस, अंगारे, दृष्ट काढणं सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. मी स्वतः शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं की मांजर आडवं गेल्याने काही होत नाही. मला ते पटलेलंही आहे. मला फक्त भीती वाटते. एखादी गोष्ट पटली म्हणून भीती जात नाही, एवढं मुलांना शिकवायचं राहून गेलं.

येणाऱ्या जिवासाठी घरात एक टोपडंसुद्धा आणलेलं नव्हतं. आधीपासून तयारी करू नये, असं आम्ही कुणी कुणाला म्हटलं नाही. पण आमच्या बोर्लीच्या बाजारात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आलं की माझी मान आपोआप दुसरीकडे वळायची. आणि लेकीसमोर विषय काढला की ती "नंतर बघू, आधी नको" म्हणून उठून आत जायची.

पाखरांना मात्र तयारीची घाई झाली होती. नर पिंजऱ्याच्या तळाचा कागद फाडून तुकडे चोचीत धरायचा आणि ते ठेवायला जागा नाही म्हणून नुसता इकडून तिकडे उड्या मारायचा. लेक म्हणाली, "आई, घरटं हवंय त्यांना." मी म्हटलं, "बघू." घरटं दिलं की अंडी येणार, अंडी आली की पुढचं सगळं येणार. घरटंच दिलं नाही तर सगळं टळेल, अशी माझी अक्कल. मादीने माझ्या अकलेला भीक घातली नाही. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी शेंगदाण्याएवढं अंडं पडलेलं होतं, फुटलेलं. लेक पोट धरून तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मी ह्यांना म्हटलं, "अहो, आजच जा आणि घरटं घेऊन या."

बोर्लीत पाखरांचं सामान कुठलं मिळायला! हे दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरले, तिथून पुढे थेट अलिबाग गाठलं आणि अंधार पडायच्या आत तीन घरटी घेऊन परत आले. एक मातीचं मडकं, एक लाकडाची पेटी आणि एक वेताचं विणलेलं, बाजूला गोल तोंड असलेलं.

मी तिन्हींत खोट काढली. मडकं गुळगुळीत, त्यात पिल्लांचे पाय घसरतील. पेटी समुद्राच्या दमट हवेत फुगेल, बुरशी धरेल. वेताच्या भोकांतून मुंग्या शिरतील. हे ऐकत होते, मग म्हणाले, "तुला रहायचं हाय का त्यात? दोन टांगूया, ज्याला रहायचंय तो ठरवील." लेक हसली. ती हसली म्हणून मी गप्प बसले. पेटी आणि वेताचं घरटं असं दोन्ही पिंजऱ्यात वरच्या बाजूला बांधलं. नर दोन्हींत डोकावला, पेटीत शिरून लगेच बाहेर आला आणि वेताच्या घरट्यात जाऊन बसला तो बसलाच. मी पिंजऱ्याच्या तारेला हळद फासली, मुंग्यांसाठी.

मग लेकीला काम मिळालं. शेजारून सोललेल्या नारळांची सोडणं आणायची, ती ठोकून त्यांचा काथ्या मोकळा करायचा, भुसा झटकायचा, उन्हात टाकायचा. तो वाळला की कात्रीने बोटाएवढे तुकडे. सुकलेलं गवतही तसंच कापून घ्यायची. लांब ठेवायचं नाही, पायात अडकतं, असं ती मला बजावून सांगायची. मी मान डोलवायची. माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे असायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपत नव्हती.

पण काथ्या हातात घेतला की मला तो टोचायचा. उघड्या अंगाची पिल्लं यावर पडणार? आमच्याकडे नवं मूल नव्या कापडात घेत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी करतात. त्यात शकुनाचं काही नाही, कातडी कोवळी असते एवढंच. माझ्या आईचं एक सुती लुगडं मी ट्रंकेत ठेवून दिलं होतं. लेक झोपलेली पाहून मी ते काढलं आणि मागच्या खोलीत दार लोटून दुपटी फाडायला बसले. तिला कळू द्यायचं नव्हतं. नऊ महिने पुरे होतील आणि घरात गुंडाळायला कापड नसेल, ही एक भीती. आधीच कापड फाडलं म्हणून काही होईल, ही दुसरी. दोन्ही भीती मांडीवर घेऊन मी कापड फाडत होते.

फाडलेल्या कडांना पांढरे धागे सुटले होते, रेशमासारखे मऊ. दुपटी घडी करून ट्रंकेत लपवली, पण धागे फेकवेनात. मी मूठभर उचलले आणि पिंजऱ्यात टाकले. नराने ते बघता बघता आत नेले. मला फार बरं वाटलं. चला, टोचायचं तरी थांबलं.

अंडी झाली, उबवली गेली आणि एका दिवशी घरट्यातून सुई टोचल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. लेक दर थोड्या वेळाने कान देऊन उभी राहायची. मी तर स्वयंपाक करतानाही ऐकत असायची. आवाज आला की, आहेत. आवाज थांबला की माझा हात पिठातच थांबायचा.

त्या दुपारी हे बाजारात गेले होते. मी भांडी पुसत होते. पडवीतून लेकीची हाक आली, अगदी हळू. "आई, ती लटकतेय."

मी धावले. मादी घरट्याच्या तोंडाशी एका पायावर उलटी लोंबकळत होती. पंख फडफडवायची, दमायची, पुन्हा फडफडवायची. नर खाली-वर ओरडत होता. लेक पिंजऱ्याची तार धरून उभी होती आणि तिचा दुसरा हात पोटावर होता. चेहरा पांढराफटक. मला पाखरू दिसेचना, मला फक्त तो हात दिसत होता.

"तू आत जा," मी म्हटलं. "तू बघू नकोस. मी करते."

"चष्म्याशिवाय तुला काय दिसणार?"

खरंच, चष्मा आत राहिला होता. मी स्टुलावर चढून पिंजरा खाली काढला, कसा काढला आठवत नाही. दारातून हात घालून मादीला मुठीत धरलं. तिचं काळीज माझ्या तळव्यावर इतक्या जोरात धडधडत होतं की ते आता थांबणारच असं वाटलं. मी म्हणत होते, "थांबू नको गं बाई, थांबू नको." लेकीने नखं कापायची कात्री आणली, खाली वाकली आणि धागा कापला. मग पायाभोवती आवळलेला वेढा टोकाने उचलून सोडवला. पाय सुजून जांभळा झाला होता.

"पिल्लं," ती म्हणाली.

तिने घरटं सोडून मांडीवर घेतलं आणि वरचा काथ्या बाजूला केला. आत पांढऱ्या धाग्यांचं जाळं होतं. तीन पिल्लं, त्यातल्या एकाच्या पायाला धागा गुंडाळलेला. मी डोळे मिटले. मला कात्रीचा आवाज ऐकू आला, एकदा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एकदा.

"सुटला," ती म्हणाली. "हलवतंय पाय."

मग तिने तो धागा उजेडात धरला. "हा काथ्या नाही. हे काय आहे?"

"लुगडं," मी म्हटलं. "आजीचं. मऊ होतं म्हणून मीच टाकलं."

"लुगडं कशाला काढलंस?"

माझी नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. ते तिने पाहिलं. तिने सगळे धागे काढून टाकले, पिल्लं कोरड्या काथ्यावर ठेवली, घरटं परत बांधलं. मादी दांडीवर एक पाय उचलून बसली होती, आणि बऱ्याच वेळाने तशीच लंगडत आत गेली. मला वाटत होतं, आता ही चिडेल, रडेल, हिच्या पोटात दुखायला लागेल आणि हे घरी नाहीत.

ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले. दुपट्यांची चळत तिच्या पुढ्यात होती. तिने वरचं उचललं, उजेडाकडे धरलं आणि कडेवरून बोट फिरवत गेली, फार सावकाश. एक सुटा धागा सापडला, तो ओढून काढला. पुढे दुसरा सापडला.

"या कडा अशा ठेवायच्या नाहीत, आई," ती म्हणाली. "दुमडून शिवायला हव्यात. बाळाच्या बोटात अडकतील."

घरी आल्यापासून बाळ हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तो ऐकून मी इतकी घाबरले की दाराची चौकट धरली. मग सुई-दोरा आणला. मला ओवता येईना, तेव्हा तिने सुई माझ्या हातातून घेतली.