तलंगांचा गृहप्रवेश

वडील गेल्यावर आईला मी रत्नागिरीकडच्या गावाहून तारोडीला आणलं. आणलं म्हणजे काय, हट्टाने ओढून आणलं. मुंबईतली खोली विकून आम्ही नवरा-बायको नुकतेच इथे आलो होतो. दोन खोल्या आणि मागे परसू. या परसाचं मी ऑफिसात इतकं कौतुक केलं की लोक मला बागायतदार समजायला लागले. प्रत्यक्षात तिथे एक शेवगा होता, कपडे वाळत घालायची तार होती, आणि आईबरोबर एसटीतून टोपलीत बसून आलेली काळी कोंबडी.

आईला इथे करमेना. सकाळ-संध्याकाळ एकच धोशा, "मला गावाला पोचव. घर बंद पडलंय, किल्ली शेजारगावच्या तुझ्या काकाकडे." तिथे ती एकटी, गुडघे दुखरे, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. तिने परत जाऊ नये असंच मला वाटायचं. पण तसं तिला सरळ सांगायचं सोडून मी डोकं चालवलं. माझं डोकं चालायला लागलं की बायको आधी दुधाचं पातेलं माझ्या हाताजवळून बाजूला ठेवते, इतकी तिला खात्री.

माझा हिशेब सोपा होता. एका कोंबडीत आईचा जीव रमत नाही, चार झाल्या की रमेल, आणि मग त्यांना टाकून ती जायची नाही. "आईंना विचारलंत का?" बायको म्हणाली. "सरप्राइज आहे," मी म्हणालो.

रविवारी पालीला जाऊन एका बाईकडून तीन तलंगा घेतल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. छान पांढुरक्या. "दादा, खुराडा हाय ना घरी?" तिने विचारलं. "हाय तर!" मी ऐटीत म्हणालो. खरं तर कोंबडीबद्दल मला जे काही कळत होतं ते रश्श्यापासून पुढचं.

आता आमच्या घरची रीत अशी की नवी वस्तू आली की तिला कुंकू लागलंच पाहिजे. फ्रिजला लागलं, स्कूटरला लागलं, मिक्सर तर कुंकू लावल्याशिवाय फिरवूच दिला नव्हता. मग या तर सजीव, लेकी-सुनांसारख्या. आई आत पोथी वाचत होती तेवढ्यात मी ताट घेतलं, तिघींच्या डोक्यावर बोटाने ओलं कुंकू चांगलं ठसठशीत लावलं, ओवाळलं आणि दिल्या काळीच्या खुराड्यात सोडून.

अरे देवा! काळी अशी तुटून पडली की विचारू नका. नेम धरून कुंकवावरच चोच मारायची. मी ताटासकट मध्ये पडलो तर माझ्या बोटावरचं कुंकू बघून मलाही प्रसाद दिला. निरांजन शेवग्याखाली, मी गुडघ्यांवर, पिसं तारेवरच्या चादरीवर. शेजारचा कुंपणावरून ओरडला, "भाईसाब, मुर्गी का शादी है क्या?"

आई धावत आली. तिने आधी काळीला पकडून काखेत दाबली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मेल्या, यांना कुंकू कुणी फासलं?"

"मी. स्वागत म्हणून."

"कोंबडीला लाल दिसलं की ती टोचत सुटते! स्वागत म्हणे!"

आणि आई हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच, खांदे हलेपर्यंत. मला इतकं बरं वाटलं की बोट ठणकतंय हेही विसरलो. तिने ओल्या फडक्याने तिघींची डोकी पुसली आणि त्यांना खुराड्याशेजारी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या जाळीदार टोपलीखाली, झाकलं. म्हणाली, "राहू देत अशा शेजारी-शेजारी. एकमेकींना बघतील, सवय होईल, मग सोडायच्या."

पुढे तिचा सगळा दिवस परसातच जायला लागला. कण्या टाकायच्या, पाणी बदलायचं, काळीला दटावायचं. गावाचं नाव नाही. मी ऑफिसात कॉलर ताठ करून हिंडत होतो. माणसाने डोकं चालवावं तर असं!

एका संध्याकाळी चौघी आपणहून खुराड्यात शिरल्या आणि एका ओळीत बसल्या. मी टाळ्याच पिटल्या. आई म्हणाली, "चला, रुळल्या. आता सूनबाई बघेल त्यांचं. मला पोचव."

म्हणजे कोंबड्या नीट रुळवून मीच तिला मोकळं केलं होतं! "बदकं आणतो," मी म्हणालो. "आई, शेळी आणू? शेळी पाळू या आपण."

"अरे, तुला झालंय तरी काय?"

"काय होणार? तू जाऊ नकोस." आवाज नको तेवढा चढला. "तिकडे एकटी पडलीस-झडलीस तर मला कोण सांगणार? रोज तोच विचार येतो गं. मला तू इथे हवी आहेस."

आईने खुराड्याचं दार लावलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, लोक नावं ठेवतील म्हणून आणलंयस."

तिने पदराने नाक पुसलं. "काकाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, घराची किल्ली तुझ्याकडेच राहू दे, आणि कौलं तेवढी बघून घे."