शंभर रुपयांची तूरडाळ

किलवणी नाक्यावर मी रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडत होते, तेव्हा निंबा सरांच्या घरून सुमनवहिनींचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. "सर गेले," एवढंच म्हणाल्या... पलीकडे कुणीतरी भांडी हलवत होतं. इकडे रिक्षावाला सांगत होता, "बेन, गॅस मोंघो थयो, हवे पंदर रुपिया." मी त्याच्या हातावर वीसची नोट ठेवली आणि उरलेले न घेताच चालू लागले. निंबा सरांनी ते भांडण ऐकलं असतं तर नेहमीचं वाक्य टाकलं असतं, "बाई, भाव वाढला म्हणू नका, नोट बारीक झाली म्हणा." सर गेले त्याला आज चार आठवडे होतील. अजूनही सुटे पैसे घेताना ते वाक्य कानात वाजतं आणि मला राग येतो. सरांचा नाही, कुणाचा ते मला नीट सांगता येत नाही.

सर शिरपूरकडचे, मी गुहागरची. सिल्वासातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत ते अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे वीस-बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यांना नावं ठेवली. त्यांच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. माझं अळूचं फदफदं बघून ते म्हणायचे, "तुमच्याकडे पावसाचं पाणी भाजीतसुद्धा शिरतं का हो?" हा माणूस हिशेबी होता, पण कंजूष नव्हता. फक्त छापलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा फार विश्वास होता. वेळापत्रकात पाऊण वाजता लिहिलंय म्हणजे बस पाऊण वाजता येणारच, आणि आली नाही तर ते बसला दोष द्यायचे, वेळापत्रकाला नाही. ह्यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं. आता वाटतं, जरा कमी छळायला हवं होतं.

त्यांच्या बरण्यांबद्दल सिल्वासातल्या निम्म्या घरांना माहीत असेल, कारण निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्यांच्या वर्गात बसलेलं आहे. दर जूनमध्ये, शाळा सुरू झाली की, सर एकाच दुकानातून शंभर रुपयांची तूरडाळ आणायचे. शंभराची म्हणजे शंभराची, जेवढी येईल तेवढी. वहिनी तिला एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा पाला घालून काचेच्या बरणीत भरायच्या, आणि सर कागदावर वर्ष लिहून चिकटवायचे. सगळ्या बरण्या एका मापाच्या. पहिल्या वर्षी बरणी काठोकाठ भरून डाळ उरली होती म्हणे, तिचं वरण झालं. मग पातळी गळ्याखाली आली, पोटावर आली, एका वर्षी तर पार बुडाशी गेली. वर्गात ते दोन बरण्या शेजारी ठेवून विचारायचे, "दोन्ही शंभराच्याच. मग मधली डाळ कुणी खाल्ली?" पोरं आधी उंदीर म्हणायची, मग दुकानदार म्हणायची. पोरांनी त्यांचं नाव डाळसर ठेवलं होतं. एक-दोन वर्षं डाळ स्वस्त झाली, पातळी वर चढली, तेव्हा मी पेढे मागितले. सर म्हणाले, "पेढे कसले? माझा भाऊ तिकडे तूर पिकवतो, त्याचं तोंड बघून या."

रविवारी त्यांच्याकडे खानदेशची माणसं यायची, सुताच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत कामाला असलेली. कुणाचा फॉर्म भरायचा असे, कुणाचं पत्र. त्यांच्याशी सर अहिराणीत बोलायचे आणि मला एकदम परके वाटायचे. एकदा एक जण कळवळून म्हणाला, "सर, पगार ते वाढना, पन गावले धाडाले काहीच उरत नही." सरांनी कपाटावरच्या बरण्यांकडे बोट दाखवलं. "भाऊ, पगार नही वाढना. आकडा वाढना." त्या माणसानं बरण्या बघितल्या आणि भरायचा फॉर्म पुढे सरकवला. त्याचं समाधान झालं नाही, होण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दुसरा त्यांचा नेहमीचा तास नोटेचा. खिशातून पाचशेची नोट काढायची, तिच्यावरच्या भाषांच्या ओळींत मराठी शोधायला लावायची, गुजराती शोधायला लावायची, आणि मग सगळ्या वर्गाकडून ते हिंदी वाक्य मोठ्यानं वाचून घ्यायचं. धारकाला एवढे रुपये अदा करण्याचं मी वचन देतो. "हा कागद आहे," सर सांगायचे, "किंमत कागदाची नाही, ह्या वाक्याची आहे. सरकार शब्द देतंय. आपण तो खिशात घालून हिंडतो." एक दिवस हा तास चालू असताना जेठी दारात केरसुणी धरून उभी राहिली होती. जेठी जवळच्या सुरंगी गावची, शाळेत कंत्राटावर झाडलोट करायची, पाणी भरायची. सगळे तिला अगं-तुगं करायचे, फक्त सर तिला 'जेठीबाई, तुम्ही' म्हणायचे. तिला ते 'वचन' फार आवडलं असावं. पुढे कितीतरी दिवस ती स्टाफरूम झाडताना मला चिडवायची, "बाय, तुमचे पाकिटात वचन आहे काय? दाखवा."

मग नोटबंदी आली. आठवडाभरानं जेठी सरांकडे आली आणि हळदीच्या डब्यातून काढलेली सुरळी टेबलावर ठेवली. पाचशेच्या चोवीस नोटा होत्या, घरावर पत्रे घालायला चार वर्षं साठवलेल्या. तिनं विचारलं, "सर, ह्या मेल्या काय?" बँकेबाहेर रांगा होत्या. एक दिवस रांगेत म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, आणि पहिल्या दिवशी नंबर लागेलच असं नाही. सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. डिसेंबरअखेरपर्यंत कुठल्याही बँकेत आणि त्यानंतर मार्चअखेरपर्यंत मुंबईच्या मोठ्या कचेरीत, कारण लिहून दिलं की नोटा बदलून मिळतील, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. सर म्हणाले, "मजुरी बुडवू नका, जेठीबाई. सरकारनं तसं सांगितलंय. वेळ आली तर मी स्वतः जाईन." मी तिथेच होते. मलाही ते बरोबर वाटलं.

जेठीनं मजुरी बुडवली नाही. डिसेंबर संपला. जानेवारीत तिचा अर्ज आणि तो हळदीचा डबा घेऊन सर मुंबईला निघाले, मी बहिणीकडे जायचं म्हणून बरोबर होते. कचेरीच्या फाटकावर माणसं ताटकळत होती, एक बाई रडत होती. फाटकावरच्या माणसानं सरांना विचारलं, "परदेशात होतात का? मधल्या काळात परदेशात असलेल्यांच्याच घेतोय." सर म्हणाले, "नोटा जिच्या आहेत ती बाई सुरंगीला होती." तो म्हणाला, "मग नाही." सरांनी घडी घातलेलं कात्रण काढून दाखवलं. त्यानं ते वाचलंसुद्धा नाही. "ते आधीचं होतं, आता नियम बदललाय." सर दोन पावलं मागे आले आणि ते कात्रण स्वतःच पुन्हा वाचायला लागले, जणू त्यांच्याच वाचण्यात काही चूक झाली असावी... मी त्यांना दंडाला धरून चहाच्या टपरीवर नेलं. सरांचा असा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची मला इच्छा नाही.

सोमवारी सरांनी स्वतःच्या खात्यातून बारा हजार काढले. तेव्हा बँकेत नव्या गुलाबी नोटाच मिळायच्या. दोन हजाराच्या सहा नोटा त्यांनी जेठीला दिल्या आणि सांगितलं, "घेतल्या हो त्यांनी तुमच्या. ह्या घ्या." जेठीनं नोटा कपाळाला लावल्या आणि कनवटीला खोचल्या. जुन्या चोवीस नोटांचं सर काय करणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दहाच्या वर बाळगणं आता गुन्हा होणार आहे म्हणे, बाई. आयुष्यात एक तरी गुन्हा करू द्या." घरी जाऊन त्यांनी ती सुरळी त्या वर्षीच्या बरणीत, डाळीच्या पोटात खुपसली. वहिनींना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर सरांनी वर्गात नोटेवरचं वाक्य वाचून घेणं बंद केलं. बरण्या चालू राहिल्या, पण 'मधली डाळ कुणी खाल्ली' हे विचारताना आवाजात पूर्वीची गंमत नसायची. निवृत्तीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघंच स्टाफरूममध्ये होतो. ते म्हणाले, "बाई, पैसा म्हणजे उद्याबद्दल कुणीतरी दिलेला शब्द. देणारा लांब बसलेला असतो. तो फिरला तर त्याचं काही जात नाही. पण जेठीबाईपर्यंत तो शब्द मी पोचवला होता." मी काहीतरी विनोद करायला गेले आणि तो मला जमला नाही.

पुढे सरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी बिल थोडं जास्त, आणि बँकेत ठेवलेल्या पैशांचं व्याज होतं तिथेच. "आता मीच बरणी झालोय," असं एकदा म्हणाले, आणि वहिनी उठून आत गेल्या. त्याच सुमारास गुलाबी नोटाही परत घेणार असल्याची बातमी आली. सरांनी मला हाक मारून विचारलं, "जेठीबाईंनी त्या मोडल्या ना? पत्रे घातले ना? जरा विचारून या." मी बाजारात जेठीला गाठलं. ती हसली. "मोडले, बाय. कवाच मोडले." मी जाऊन सरांना सांगितलं. सुरंगी काही लांब नव्हती, जाऊन घराकडे एक नजर टाकता आली असती. मी टाकली नाही. सरांना मात्र त्या दिवशी छान झोप लागली, असं वहिनी म्हणाल्या.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी मी वहिनींकडे बसले होते तेव्हा जेठी आली. सरांच्या फोटोसमोर थोडी बसली, मग कनवटीची पिशवी सोडून सहा गुलाबी नोटा वहिनींच्या पुढ्यात ठेवल्या. घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. "सरांचे पैसे," ती म्हणाली. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मला त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. सांगून झाल्यावर मी जेठीला विचारलं, तुला कधी कळलं?

"तवाच, बाय. रेशनचा तांदूळ पन सरकार आंगठा घेतल्याबिगर देत नाय. आन बारा हजार आंगठ्याबिगर दिले? सरकार असा नाय."

"मग घेतलेस कशाला?"

"नाय घेतले तं सरांना झोप नसती आली. घेतले, ठेवले. खरचायचे कसे? माझे थोडेच होते?"

म्हणजे इतकी वर्षं तिच्या घरावर ताडपत्रीच होती. तेव्हा बारा हजारांत तिचं सगळं छप्पर झालं असतं, आज अर्धंही होणार नाही. सरांनी तिच्यासाठी खोटं सांगितलं, तिनं सरांसाठी, आणि ते खोटं त्यांच्या उशाशी मी नेऊन पोचवलं. तिघांनी मिळून एवढं सांभाळलं, आणि तेवढ्यात ते पैसे आतल्या आत आटत गेले. मला तिथेच रडू आलं. वहिनी म्हणाल्या, "जेठी, ह्या नोटा घेऊन जा. मुंबईच्या कचेरीत अजून बदलून मिळतात म्हणे, ह्या बाई जातील." जेठीनं मान हलवली. "तिथं परत? नको. माझे कुठं आहेत, ते द्या."

वहिनींनी स्टुलावर चढून ती बरणी काढली आणि परातीत ओतली. डाळ काळपट झाली होती, तिला एरंडेलाचा उग्र वास येत होता. सुरळी बाहेर आली. जेठीनं एकेक नोट उलगडून बघितली, कडेला हळदीचा डाग असलेली सापडली तेव्हा म्हणाली, "ह्या माझ्या." पदराने पुसून तिनं त्या कनवटीला लावल्या. चोवीस होत्या, म्हणजे आता गुन्हा तिचा झाला. बसच्या तिकिटालाही त्यांतली एक चालणार नव्हती, ते तिला माहीत होतं. मी तिच्या हातावर भाड्याचे पैसे ठेवले, ते मात्र तिनं घेतले.

ती गेल्यावर वहिनींनी गुलाबी नोटांची सुरळी केली, बरणीत उभी धरली आणि वरून ओंजळीओंजळीनं सगळी डाळ परत भरली. झाकण लावून बरणी कपाटावर तिच्या जागी ठेवली. मी खालून बघितलं. डाळीची पातळी होती तिथेच आली होती.