संध्याकाळचा ताप आणि जल्लादाची कादंबरी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "ट्यूबरक्युलोसिस. म्हणजे क्षय. चांगलाच पसरलाय. इतके दिवस कुठं होतात?"

कुठं असणार? चिखलीत, घरातच. आणि घरच्यांनी माझ्या आजाराचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं: कादंबरी.

यजमान पिंपरीला कंपनीत. त्यांची सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळी कामं उरकून मी वाचत बसे. वाचनालयातून आणलेली ती कादंबरी चेटक्यांच्या राज्यातल्या एका जल्लादाची होती. माणूस लबाड, मित्रांना विकणारा, मढ्याच्या अंगावरचे दागिने काढणारा. पण मोडका गुडघा ठणकला की ठणकतो म्हणायचा, उगाच शौर्य दाखवायचा नाही. मला तो फार आवडायचा.

नेमका त्याच वेळी ताप चढू लागला. इव्हनिंग राइज, म्हणजे संध्याकाळी चढणारा बारीक ताप, ही क्षयाची खूण असते हे मला हॉस्पिटलात कळलं. सासूबाईंना मात्र घरीच सगळं कळलं होतं. "त्या पुस्तकातलं भूत लागलंय हिला. दुसरं काय न्हाई!" पुस्तक काढून घेतलं. तिकटीवर उतारा टाकला. तरी ताप हटेना, तर म्हणे मी मनातल्या मनात वाचते! शिकलेसवरलेले यजमानही मान डोलवायचे. माझं अंग भाजत होतं आणि कुणी हात लावून बघेना. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठं दवाखाना आठवला.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायला लावले. सासूबाईंचा फोटो बघून म्हणाले, "यांचा क्षय तर जुना आहे. तुम्हाला यांच्या खोकल्यातूनच लागला असणार."

सासूबाईंना अक्षरओळखही नाही. त्यांच्या खोकल्याला आम्ही सगळे मिश्रीचा ठसका म्हणत आलो होतो.

मग दोघी एकाच वॉर्डात, शेजारी शेजारी खाटा. स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंवरचं इंजेक्शन, दोघींनाही. मी हट्टानं तीच कादंबरी मागवली आणि मोठ्यानं वाचायला लागले, मुद्दाम, त्यांना ऐकू जावं म्हणून.

आज मी बरी आहे. डॉक्टरांचे, नर्सबाईंचे उपकार विसरणार नाही. तुमच्या घरी कुणी रोज संध्याकाळी तापत असेल तर तिच्या हातातलं पुस्तक हिसकावू नका, छातीचा फोटो काढा.

वॉर्डातल्या त्या दिवसांत एका दुपारी वाचता वाचता मी पान उलटायला थांबले, तेव्हा सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "सांजच्याला माझंबी अंग तापायचं गं. लई वरसं. पर सांगायचं कुणाला?"

माझा राग काही गेला नाही. पण त्यांच्यावर काढावा, असं पुन्हा कधी वाटलं नाही.